निळ्या खुणेचं ओलं लाकूड

८ फेब्रुवारी

ताई, सलाम.

उत्तराला उशीर झाला, आधीच कान पकडतो. तू विचारलंस काम झेपतं का. झेपतं. आता तर बढती मिळाली आहे, हसू नकोस. तीन वर्षं या वखारीत फळ्या खांद्यावर वाहिल्या, आता मुकादमाने माझ्या हातात निळ्या रंगाचा डबा आणि कुंचला दिलाय. काम असं आहे. करवतीखालून निघालेलं लाकूड ओलं असतं. ते भट्टीच्या खोलीत रचून तीन आठवडे गरम हवेवर सुकवायचं. मग मी एकेक फळी ठोकून बघायची, टोकाला नाक लावायचं. सुकलेली फळी टणटण वाजते, ओली नुसती थप्प करते आणि तिला आंबूस वास येतो. सुकली असेल तर टोकावर निळी रेघ. रेघ दिसली की फळी गाडीत चढते, पुढे कोणी विचारत नाही. शाळेत एक रेघ धड काढता आली नाही म्हणून मास्तरांनी हाकललं, आता रेघा काढायचाच पगार घेतो.

पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. काल मुकादमाने गिऱ्हाइकांच्या मागण्यांचे कागद भिंतीवर खिळ्याला लावायला दिले. मी काही ते वाचत बसत नाही, मला एक ओळ वाचायची तर चहा गार होतो. पण एका कागदावर नजर अडकली. आपल्या वर्कशॉपचं नाव. ते मी डोळे मिटूनही वाचेन, लहानपणी प्रत्येक खुर्चीच्या बुडाला मीच लिहायचो. खाली सही पॉलिशची.

त्याचं हे टोपणनाव मी ठेवलं तेव्हा बाबांनी मला थोबाडीत दिली होती, आठवतं? बाबा लाकूड घडवायचे, हा वरून पॉलिश मारायचा, खुर्चीलाही आणि बोलण्यालाही. अठरा वर्षांची भागीदारी. बाबा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले तेव्हा रोज यायचा, उशाशी बसून डोळे मिटून प्रार्थना करायचा. आणि एक दिवस आमेन म्हणून झाल्यावर पिशवीतून कागद काढला. बाबांनी सही केली, आणि उठून उभे राहिले तेव्हा वर्कशॉप त्याचं झालं होतं. ते मी सोसलंही असतं. पण पुढच्या रविवारी त्याने उपासनेत उभं राहून साक्ष दिली की देवाने त्याच्या गरजेप्रमाणे त्याला पुरवलं. आणि बाबा आमेन म्हणाले. मोठ्याने. मी त्याच दुपारी वर्कशॉपच्या काचा फोडल्या आणि तिथून निघालो तो इथे येऊन थांबलो.

ताई, बाबा नेहमी म्हणतात देव पुरवतो, आपण मागायचंही नाही. तीन वर्षं मी मागितलं नाही. बघ मला काय पुरवलंय. त्याचं लाकूड माझ्या कुंचल्याखालून जाणार आहे.

तुझा
भिंगरी

१७ फेब्रुवारी

भिंगऱ्या, सलाम.

तुझं पत्र लाँड्रीतच उघडलं, इस्त्रीच्या टेबलाशी. वाचता वाचता एका अभ्र्याला पिवळा डाग पडला, तो तुझ्यामुळे. बाबांना पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवलं. दुसरं गिळलं आणि तिकडे थंडी फार आहे असं काहीतरी सांगितलं. मुलगा नाकाने लाकूड ओळखतो म्हणून ते इतके खूश झाले की शेजारच्या शिक्षिकाबाईंना सांगून आले, परत आल्यावर पुन्हा मलाच सांगितलं.

आता ऐक. पॉलिशला डोक्यातून काढ. मला राग येत नाही असं समजू नकोस. त्याचे शर्ट माझ्याकडेच येतात, दर गुरुवारी सहा. प्रत्येक शर्टावर त्याचं तोंड आहे असं धरून इस्त्री फिरवते. आजवर एकही जाळला नाही. याला विश्वास म्हणायचं की भित्रेपणा, हे पाळकांना विचारायचं राहून गेलंय. पण मी जाळला नाही हे खरं, आणि तूही काही करायचं नाहीस.

आमचं बरं चाललंय. बाबांना थोडंफार काम मिळतं, किरकोळ, पण त्यात भागतं. तू जास्तीचे पैसे पाठवलेस ते परत कर म्हणाले, आपल्याला लागतं तेवढं आहे, त्याला बूट घेऊ दे. मी परत केले नाहीत. छपराचा एक पत्रा बदलून घेतला. बाबांना वाटतं तो देवाने बदलला, आणि मी काही त्यांचा गैरसमज काढायला गेले नाही. खरं सांगू, त्यांच्या या समाधानाचा मला कधी कधी वैताग येतो. ताटात कमी पडलं की म्हणतात, आज भूकच बेताची होती. अरे पण माझी नव्हती ना बेताची.

तरीही गेले काही महिने ते उजळलेत. सकाळी भजन गुणगुणत रंध्याचं पातं घासतात. तेवढं असू दे. तू तिथे नीट राहा, नाक फक्त लाकडाला लाव.

ताई

२ मार्च

ताई, सलाम.

केलं.

रागावायच्या आधी सगळं वाच. त्याची मागणी छत्तीस दारांच्या लाकडाची होती. कुठल्याशा इस्पितळाच्या नव्या इमारतीत बसवायची आहेत, तसं कागदावर लिहिलं होतं, मी दोनदा वाचलं. भट्टीत नुकताच नवा माल चढवला होता, चार दिवसांचा. फळी हातात घेतली की हात गार पडतो इतकी ओली. बरोबर तोच गठ्ठा मी बाहेर काढला आणि एकेका टोकावर निळी रेघ मारली. दीडशेच्या वर फळ्या होत्या. एकही रेघ वाकडी गेली नाही. मुकादम जाता जाता म्हणाला, आज फार मन लावून करतोयस. मी म्हटलं, ओळखीचं गिऱ्हाईक आहे.

आता काय होईल ते सांगतो, मी रोज मनात बघतो. दारं बनतील. पॉलिश वरून चकचकीत हात मारेल. बसवली त्या दिवशी सगळी सरळ उभी राहतील, मोठे डॉक्टर त्याचा हात हातात घेतील, आणि रविवारी तो साक्ष द्यायला उठेल. मग उन्हाळा तापेल. लाकूड आतून सुकायला लागेल, सांधे उघडतील, दारं पिळून निघतील. एकाची कडी लागणार नाही, दुसरं उघडणार नाही. छत्तीसच्या छत्तीस. पैसे परत द्यावे लागतील, पुन्हा कोणी त्याच्या दारात फिरकणार नाही, आणि वर्कशॉप जाईल तसंच, जसं आलं होतं. मी काच फोडली होती तेव्हा त्याने दोन दिवसांत नवी बसवली. ही काच बसवता येणार नाही.

देवाने त्याला पुरवलं म्हणत होता ना. आता मी पुरवठा केलाय.

बाबांना यातलं काही सांगू नकोस, ते लगेच गुडघे टेकतील आणि पॉलिशसाठी प्रार्थना करतील. त्यांचं ते किरकोळ काम कसलं आहे ते मात्र लिही. पाठ धरते का? जड उचलू देऊ नकोस.

भिंगरी

९ मार्च

भिंगऱ्या,

हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. उभ्या उभ्या लिहितेय, अक्षराला नाव ठेवू नकोस.

बाबा पॉलिशकडेच कामाला आहेत. गेल्या ऑक्टोबरपासून. रोजाने. आपल्याच वर्कशॉपमध्ये आपल्याच सुतारकामाच्या पाटासमोर उभे राहून ते त्याची दारं करतात. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. तुला कळलं तर तू येऊन वर्कशॉप पेटवशील अशी भीती होती. तू तर तिकडे बसूनच पेटवलंस.

आणि एवढंच नाही. त्या छत्तीस दारांना इस्पितळाने पाच वर्षांची हमी मागितली. घडवणाऱ्याची सही पाहिजे म्हणाले. पॉलिशने बाबांची घेतली. दार पिळलं तर पदरमोड करून नवं करून द्यायचं, असं त्या कागदावर आहे. मी बाबांना म्हटलं होतं, पुन्हा सही कसली करता. तर म्हणाले, माझं दार पाच काय पन्नास वर्षं हलत नाही, सही करायला काय हरकत आहे.

तुझी गाडी सोमवारी इथे पोचली. तुझं पत्र आज. बाबांना अजून काही माहीत नसावं. आज सकाळीही गुणगुणत होते, फक्त पातं जरा जास्त वेळ घासलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि लाँड्रीत निघून आले. काय सांगू त्यांना? तुमच्या मुलाने सूड घेतला आणि तो तुमच्या अंगावर आला?

काय करायचं ते तूच लिही. मला काही सुचत नाही.

ताई

१५ मार्च

ताई,

तू सहा महिने माझ्याशी खोटं बोललीस. किरकोळ काम. मी इथे एकेक फळी उचलताना समोर बाबा घरी आरामात बसलेत असं बघत होतो. आणि ते त्या माणसासमोर उभे राहून संध्याकाळी हात पुढे करत होते. मला आधी सांगितलं असतंस तर ती रेघ माझ्या हातून निघालीच नसती. आता सगळं माझ्या डोक्यावर घालतेस.

बाबांचंही मला कळत नाही. ज्याने घर लुटलं त्याच्या घरी केर काढायला जायचं आणि त्याला समाधान म्हणायचं. देव पुरवतो तर दुसरीकडे कुठे पुरवायला जागा नव्हती का त्याला?

असो. मी दोन दिवस विचार केला. उद्याच बाबांना तिथून काढ. पाठ धरली म्हणून सांग, ताप आला म्हणून सांग, काहीही सांग. त्याच्याकडे दुसरे दोघे सुतार आहेत, ते करतील दारं. बाबांचा हात लागला नाही म्हणजे झालं. लाकूड तिथेच राहू दे. मी माघार घेणार नाही. इतकं जवळ आलेलं मी सोडणार नाही, ताई. मला फक्त बाबा त्याच्या बाजूला नकोत.

मुकादमाला सांगायचा प्रश्नच नाही. सांगितलं तर उद्या माझं बिऱ्हाड रस्त्यावर.

लगेच लिही, काढलंस का ते.

भिंगरी

२४ मार्च

माझ्या लेकरा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझी दोन्ही पत्रं ताईने माझ्यापुढे ठेवली, गिळलेलं पानही. तिच्यावर रागावू नकोस. शपथ मी घातली होती, खोटं माझं आहे.

लाकूड ओलं आहे हे मला गाडी आली त्याच दिवशी कळलं. पहिली फळी उतरवून घेतली आणि थप्प ऐकली. तेव्हा वखारीची चूक समजून मी टोक बघितलं. निळी रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली. डावखुरा माणूसच अशी रेघ ओढतो. मी तुझा हात किती वेळा उजवीकडे वळवला होता, तो वळला नाही. मी ती फळी धरून बराच वेळ उभा राहिलो. वर्कशॉपमधल्या लोकांना वाटलं पाठ धरली.

त्याच संध्याकाळी मी माझ्या जुन्या भागीदाराला सांगितलं की माल ओला आहे, खूण चुकीची आहे आणि खूण माझ्या मुलाने केली आहे. मला वाटलं तो वखारीला फोन करेल, तुला शिव्या घालेल. तो दार लावून आत आला आणि हळू बोलला.

"कोणाला कळणार आहे? बसवली त्या दिवशी सरळ दिसली म्हणजे पुरे. आपले पैसे आपल्याला मिळतील."

मी म्हटलं, उन्हाळ्यात पिळतील. तर म्हणाला, "पिळली तर हमी तुमची आहे ना, भाऊ. देव तुम्हाला पुरवतोच की."

मी पंधरा दिवस रोज त्याला सांगितलं. त्याला घाई आहे, एप्रिलअखेर दारं दिली नाहीत तर काम दुसऱ्याकडे जाईल. नव्या मालाला वेळ नाही. परवा त्याने दुसऱ्या सुताराला पहिली चौकट कापायला सांगितली, तेव्हा मी रंधा पिशवीत घातला आणि निघून आलो. महिन्याची मजुरी त्याच्याकडेच राहिली. तू म्हणालास तसं मी तिथून निघालो, पण तू म्हणालास त्यासाठी नाही. आणि निघून काही सुटलेलं नाही. मी इस्पितळाच्या कचेरीत जाऊन हमीवरचं नाव काढा म्हटलं. बाबू म्हणाला, मागणी रद्द होईपर्यंत नाव निघत नाही. दारं कोणीही केली तरी ती माझीच.

आता त्या जुन्या सहीचं, वर्कशॉप दिलं त्या. तू मला भोळा समजतोस. तो कागद मी दोनदा वाचून सही केली होती. वर्कशॉपवर कर्ज होतं, मी पडून होतो, सात कारागिरांचे पगार थांबले होते आणि एकाच्या नावावर झाल्याशिवाय बँक पुढे सरकत नव्हती. पाठ बरी झाली की परत करीन असं तो म्हणाला. केलं नाही. पाप तिथे आहे, सहीत नाही.

आणि त्या रविवारचा आमेन. तू त्याच्यामुळे घर सोडलंस म्हणून सांगतो, नाहीतर कोणाला सांगितलं नसतं. त्या आमेनएवढी मोठी शिवी मी आयुष्यात दिलेली नाही. पुढे मी त्याच्याकडे कामाला गेलो तेही भुकेपोटी नाही, ताईच्या पगारात आम्ही दोघं जगत होतो. मी गेलो कारण मी समोर उभा राहिलो की त्याला जेवण गोड लागत नव्हतं, हे मी बघितलं होतं. मी गुणगुणायला लागलो की तो आतल्या खोलीत जायचा. म्हणून मी मुद्दाम गुणगुणायचो. सहा महिने मी माझं समाधान त्याला टोचत होतो आणि वरून देवाचे आभार मानत होतो. तुझी रेघ बघितली तेव्हा मला कळलं तू हे कोणाकडून घेतलंस.

आता मी घराच्या दारात पाट टाकलाय. शिक्षिकाबाईंच्या कपाटाची फळी बसवून दिली, त्यांनी पिशवीभर बटाटे दिले. आजचं झालं. उद्याचं मला ठाऊक नाही, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते ठाऊक नसण्याची भीती वाटली नाही. कारण यात त्या माणसाला दाखवायचं काही नव्हतं. बटाटे त्याने बघितलेच नाहीत.

हे खूप झालं. कामाचं सांगतो. ते लाकूड फक्त वखारच परत नेऊ शकते, आणि वखार ते तेव्हाच नेईल जेव्हा तू तुझ्या मालकापुढे उभा राहून सांगशील की खूण खोटी होती. तुझं काम जाईल, कदाचित राहील. मी त्याची हमी देत नाही, मी फार सह्या केल्या. इस्पितळात लोक खाटेवर पडून त्या दारांतून आत जाणार आहेत. अडकलेल्या दारापलीकडे कोण असेल ते तू बघितलंस का, रोज मनात बघतोस म्हणतोस तेव्हा?

माफ केलं असं मी आत्ता लिहीत नाही. आधी लाकूड परत ने.

तुझा
बाबा

११ एप्रिल

बाबा, सलाम.

लाकूड परत आलं. आज सकाळी भट्टीत चढवलं.

तुमचं पत्र मी तीन दिवस खिशात ठेवलं. वाचायला वेळ लागतो म्हणून नाही. चौथ्या दिवशी मुकादमाकडे गेलो. त्याला आधी वाटलं मी थट्टा करतोय. मग मला मालकापुढे नेलं. मालकाने मान वर न करता विचारलं, का केलंस. मी म्हटलं, माझ्या वडिलांचं वर्कशॉप घेतलं त्याने. मालक म्हणाला, ते तुझं आणि त्याचं, माझ्या निळ्या रंगाने काय बिघडवलं होतं? कामावरून काढलं नाही. कुंचला काढून घेतला, पुन्हा ओझी उचलतो, आणि गाडीचं भाडं तीन महिने पगारातून जाईल. आणि म्हणाला, तूच जा आणि तूच भरून आण.

म्हणजे मी परवा आलो होतो. घर दहा मिनिटांवर होतं. ड्रायव्हरने फक्त एक तास दिला होता, तो कसा गेला ते सांगतो.

वर्कशॉपच्या काचा चांगल्या बसवल्यात, मान्य करावं लागेल. पॉलिश मला बघून हसत बाहेर आला, जणू मी पाहुणा आहे. मी म्हटलं, माल परत न्यायचाय, खूण चुकली होती. वखारीचा कागद दिला. त्याने वाचला नाही. मला आत बोलावून खुर्ची दिली, तुमच्या हातची खुर्ची होती, बुडाला हात लावून बघितलं. मग म्हणाला, तुझे बाबा रागाने गेले, तू तरी शहाणपण कर. मी तक्रार केलेली नाही, तर तू परत कशाला नेतोस?

"लाकूड राहू दे. अर्धं वर्कशॉप तुमच्या नावावर करतो. आज, आत्ता. देवानेच तुला पाठवलंय बघ."

मी विचारलं, लिहून देता? तर त्याने खरंच लिहून दिलं, माझ्यासमोर, दोन प्रतींत, आणि सही केली. कागद माझ्या हातात ठेवला. बाबा, तीन वर्षं मी ज्यासाठी दात खात होतो ते माझ्या हातात होतं, आणि शाई ओली होती. मी लगेच हो म्हणणार होतो. पण मला तुम्ही दोनदा वाचलं होतं ते आठवलं, म्हणून मी वाचायला बसलो. तुम्हाला माझं वाचन माहीत आहे. एकेक अक्षर. तो दोनदा म्हणाला, अरे वाचतोस काय, माझ्यावर विश्वास नाही? बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारत होता. शेवटच्या ओळीत एक शब्द मला लागेना. मी तो मोठ्याने लावला. का. य. म. पूर्वीच्या सर्व हमी कायम राहतील.

म्हणजे वर्कशॉप अर्धं आपलं आणि छत्तीस पिळलेली दारं पूर्ण तुमची.

मी कागद टेबलावर ठेवला आणि उठलो. म्हटलं, फळ्या मोजून नेतो. मग चढवायला लागलो, एकटाच, त्याच्या माणसांना त्याने हात लावू दिला नाही. तो दारात उभा राहून बघत होता. त्याची मागणी आता जाणार हे त्याला कळलं होतं, चेहऱ्यावरचं पॉलिश उतरलं होतं. बाबा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मी मुद्दाम सावकाश चढवल्या. एकेक फळी त्याच्यासमोरून नेली. कापलेली चौकटसुद्धा सोडली नाही. तुम्ही गुणगुणत होतात, मी तेवढंही केलं नाही, पण सावकाश चढवल्या. हे पाप असेल तर तेही याच पत्रात धरा.

राग गेलेला नाही. तो गेला असं मी लिहिणार नाही, तुम्हाला लगेच कळेल.

पण मला वेगळंच सांगायचंय. वर्कशॉप तुमचं होतं. अर्धं परत येत होतं, आणि मी तुम्हाला न विचारता, ताईला न विचारता, टेबलावर ठेवून आलो. तिथे दोन वाटा असतील, तो शब्द खोडायला सांगता आला असता, भांडता आलं असतं, हे मला गाडी चालू झाल्यावर सुचलं. तुम्ही सही केलीत म्हणून मी तुम्हाला तीन वर्षं दोष दिला. मी सही न करता घालवलं. तेव्हा आता तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेईन. ताईला तुम्हीच हळू सांगा, इस्त्री तिच्या हातात नसताना.

परतीच्या वाटेत ड्रायव्हरने गाडी कडेला घेऊन डबा उघडला. मी काही आणलं नव्हतं. मला वाटत होतं आपल्याला घास जाणार नाही, इतकं हातचं घालवून आलोय. त्याने अर्धा पाव पुढे केला. मी खाल्ला. मग उरलेल्या अर्ध्याकडे बघत राहिलो, तर त्याने शिवी घालून तोही दिला. इतकं चांगलं मी या वर्षात जेवलो नाही, आणि तो नुसता शिळा पाव होता, बाबा.

याला तुम्ही काय म्हणता? मला भुकेशिवाय दुसरा शब्द येत नाही. तुम्हाला येत असेल तर लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे मला लवकर लागेल.

तुमचा
भिंगरी